मदत हवी आहे: तापवताना कणाच्या आतला बदल पाहायचा आहे (अर्जंट)

पळसफूल:
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी पावडर फेरोइलेक्ट्रिक (आपोआप विद्युतध्रुव धरणारी) आहे, पण एक्सआरडीत (एक्स-रे टाकून अणूंची रचना तपासतात त्यात) 45 अंशांजवळ दोन शिखरं यायला पाहिजेत तिथं एकच येते. नागपूरला दोनदा पाठवली, दोन्ही वेळा तेच. आता मला तापमान वाढवत कणाच्या आतलं चित्रच पाहिजे. कुठं होते? सोमवारी सादरीकरण आहे.

जुनी_भट्टी:
पदार्थ कोणता ते तर सांगा राजेहो. कण केवढे? कसे बनवले?

पळसफूल:
बेरियम टायटनेट, दुसरं काय असणार! साधारण 60 नॅनोमीटर.

संत्राबाग:
सिंक्रोट्रॉनला (फार प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) जा. एकाच कणावर कोहेरंट, म्हणजे एका लयीतले, एक्स-रे टाकतात, कण अंशाच्या शंभराव्या भागाने फिरवतात आणि ब्रॅग ठिपक्याभोवतीच्या (अणूंच्या थरांवरून परतलेल्या किरणांचा ठिपका) नक्षीवरून कॉम्प्युटर आतलं त्रिमितीय चित्र काढतो. अणू जागचे किती सरकले तेही दिसते. 2017 मध्ये बेरियम टायटनेटच्या कणातला विद्युतध्रुवांचा भोवरा असाच दाखवला होता. इंदूरला इंडस-2 हा सिंक्रोट्रॉन आहे, पण तिथं ही सोय आहे का ते विचारून घ्या.

जुनी_भट्टी:
तो भोवरा विद्युतक्षेत्र लावून पाहिला होता, तापवून नाही. त्या पद्धतीला कण काहीशे नॅनोमीटरचा असला तर बरं, 60 चा फार क्षीण दिसतो. तापवताना कण बुडाशी पक्का चिकटलेला लागतो, जरा हलला की मोजणी वाया. पोरगं सोमवारचं बोलून राहिलं अन् तुम्ही त्याला बीमटाइमचा (यंत्रावरच्या वेळेचा) अर्ज भरायला लावता!

संत्राबाग:
दिशा दाखवली तर काय चुकलं? त्याने चित्रच मागितलं होतं.

मेळघाट_रस्ता:
इंदूरला जाणार असाल तर अकोट-खंडवा मीटरगेज बंद आहे. बसनेच जावं लागते, घाटात वेळ धरून निघा.

जुनी_भट्टी:
पळसफूल, पावडर ऑटोक्लेव्हमधली (बंद भांड्यात दाबाखाली पाणी तापवून बनवलेली) का? भाजली होती का?

पळसफूल:
हो, टेफ्लॉनच्या भांड्यात 180 ला. मग 80 ला सुकवली. भाजायची असते का?

जुनी_भट्टी:
मग तिथंच अडलं. पाण्यात बनवलेल्या बेरियम टायटनेटच्या स्फटिकाच्या जाळीत हायड्रॉक्सिल (पाण्यातले OH गट) अडकून राहते, म्हणून ते क्यूबिकसारखं, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असल्यासारखं, दिसते अन् एकच शिखर येते. एरवी 5 ते 120 अंश सेल्सिअसमध्ये टेट्रागोनल (एका बाजूने किंचित ताणलेलं, म्हणून दोन शिखरं) असते. आपला मे महिना धरला तरी त्यातच. दोन शिखरांत अंतर जेमतेम अर्धा अंश, अन् बारीक कणांची शिखरं रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. अर्धी पावडर 1000 ला भाजून पुन्हा पाठवा. कण वाढतील, तसं वहीत लिहा. उरलेल्या अर्धीचं रामन (लेसरचा प्रकाश कसा विखुरतो त्यावरून रचना ओळखायची तपासणी) करा: 305 प्रति सेंटीमीटरची रेषा दिसली तर आत टेट्रागोनल आहे. हीटिंग स्टेज (नमुना तापवायची बैठक) मिळाली तर 120 अंशांच्या वर ती विरताना दिसेल. हे आतलं चित्र नाही, पण बदल नक्की कळतो.

गावकरी_इलेक्ट्रिशियन:
भट्टीला स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे व्होल्टेज 170 वर येते.

पळसफूल:
काल दुपारी तीनला लाईट गेली ते सहाला आली. आज रात्री लावतो, मी स्वतः बसतो. एकच सांगा: थंड करताना भट्टी बंद करून द्यावी का हळूहळू उतरवावी?

जुनी_भट्टी:
हळूहळू. मिनिटाला दोन अंश. दार उघडू नका.