लन, व्हॉल्यूम, स्नॅपशॉट : डिस्क ॲरेचे शब्द मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न : डिस्क ॲरेची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून सर्व्हरना साठवणीची जागा देणाऱ्या यंत्राची, माहितीपुस्तिका मराठीत आणतोय. ‘लन’ आणि ‘व्हॉल्यूम’ एकच का? ‘स्नॅपशॉट’ला ‘प्रत’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : एकच नाहीत. लन म्हणजे लॉजिकल युनिट नंबर, मुळात नुसता क्रमांक. स्कझी (SCSI) या साठवण-उपकरणांशी बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये एका टार्गेटमागे, म्हणजे जागा देणाऱ्या उपकरणामागे, अनेक लॉजिकल युनिट असू शकतात; त्यांतलं कोणतं हवंय, हे सांगणारा आकडा म्हणजे लन. ॲरेमध्ये पूलमधून, म्हणजे डिस्कच्या एकत्रित साठ्यातून, जागा काढून आपण बनवतो तो व्हॉल्यूम. तो सर्व्हरला मॅप करताना, म्हणजे जोडून देताना, त्याला लन मिळतो. त्यामुळे एकच व्हॉल्यूम एका सर्व्हरला लन 3, तर दुसऱ्याला लन 7 म्हणून दिसू शकतो.

बोलताना ‘500 जीबीचा लन काढून द्या’ असंच सगळे म्हणतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण पुस्तिकेत ‘लन 5 डिलीट करा’ असं वाक्य गेलं की धोका आहे. कोणत्या सर्व्हरचा लन 5? तिथे व्हॉल्यूमचं नाव आणि त्याचा युनिक आयडी जुळवून पाहा, असंच लिहायला हवं.

‘प्रत’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. प्रत म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, मूळ गेलं तरी ही हाताशी आहे. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी डेटा सहसा कुठेही कॉपी होत नाही. कोणता ब्लॉक (डेटाचा छोटा तुकडा) कुठे आहे, एवढी नोंद गोठवली जाते. म्हणून भल्यामोठ्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉटही काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागा जवळजवळ घेत नाही. पुढे एखादा ब्लॉक बदलायची वेळ आली, की कॉपी-ऑन-राइट पद्धतीत आधी जुना मजकूर बाजूला नेऊन ठेवतात आणि मग त्या जागी नवा लिहितात. रिडायरेक्ट-ऑन-राइटमध्ये जुना जागच्या जागी राहतो, नवा दुसरीकडे लिहिला जातो. दोन्हींत न बदललेले ब्लॉक मूळ व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट यांच्यात सामाईक असतात. पूलच गेला तर दोन्ही गेले. ‘स्नॅपशॉट’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘त्या क्षणीची स्थिती’ असा खुलासा द्या. ‘प्रत’ हा शब्द पूर्ण क्लोनसाठी, म्हणजे सगळा डेटा खरोखर कॉपी केला असेल तिथे, राखून ठेवा.

दुसरं मत : वरच्याशी सहमत. ‘रेड’चं (RAID, अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत) मराठी करूच नका. 1988 मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंध लिहिला तेव्हा त्यातला ‘आय’ इनएक्स्पेन्सिव्हचा होता, पुढे तो इंडिपेंडंटचा झाला. भाषांतर कोणत्या शब्दाचं करणार? हॉट स्पेअरला, म्हणजे एखादी डिस्क बिघडली की तिची जागा घेणाऱ्या डिस्कला, ‘राखीव डिस्क’ छान बसतं.

माझा आग्रह ‘क्षमता’ या शब्दाबद्दल आहे, कारण तिथे एका शब्दात तीन आकडे कोंबले जातात. 8 टीबीच्या 10 डिस्क घ्या. एकूण क्षमता 80 टीबी. रेड 6 मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला (बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवून देणाऱ्या जादा माहितीला) जाते, उरते 64 टीबी; ही वापरण्याजोगी. सर्व्हरवर मात्र साधारण 58 दिसतात. चोरी कुठेच झालेली नाही : डिस्कवरचा टीबी 10 च्या घातांत मोजलेला असतो, तर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम 2 च्या घातांत मोजतात, म्हणजे खरं तर टेबिबाइटमध्ये, आणि पुढे ‘टीबी’च छापतात. पुस्तिकेत प्रत्येक आकड्यापुढे एकक नीट लिहा.

तिसरी ‘इफेक्टिव्ह’. तिला ‘प्रभावी क्षमता’ असं शब्दशः करतात, ते मला पटत नाही. डीडुप्लिकेशन (एकसारखा डेटा एकदाच ठेवणं) आणि कॉम्प्रेशन धरून काढलेला तो अंदाज असतो. डेटा आधीच कॉम्प्रेस केलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला असेल, तर तो अंदाज कोसळतो. ‘अपेक्षित क्षमता’ म्हणा.

प्रश्न : दोघांचेही आभार. झोनिंग आणि मास्किंग या दोन्हींना ‘प्रवेश नियंत्रण’ म्हणू का?

उत्तर : नको. झोनिंग फायबर चॅनल स्विचवर, म्हणजे सर्व्हर आणि ॲरे यांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या स्विचवर, होतं : कोणता पोर्ट कोणत्या पोर्टशी बोलू शकतो, एवढंच ते ठरवतं. मास्किंग सहसा ॲरेवर होतं : बोलणं सुरू झाल्यावर त्या सर्व्हरला कोणते लन दिसावेत, हे ते ठरवतं. सर्व्हरला ॲरेचा पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल आणि झोनिंग पाहायचं. पोर्ट दिसतोय पण लन नाही, तर मास्किंग. एकच शब्द वापरलात तर बिघाड शोधणारा माणूस चुकीच्या यंत्रावर लॉगिन करून बसेल.