नव्या डिस्कवर एक्सएफएसचा हट्ट कशासाठी?

टर्मिनलकर
सर्व्हरला २ टीबीची नवी डेटा डिस्क जोडली की हल्ली जो तो डोळे झाकून एमकेएफएस.एक्सएफएस मारतो, म्हणजे ती एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) फॉरमॅट करतो. का, तर म्हणे रेड हॅटचं डिफॉल्ट आहे. आहे ना, २०१४ च्या आरएचईएल ७ (रेड हॅटचं लिनक्स) पासून. पण एक्सएफएस वाढवता येते, कमी करता येत नाही, हे किती जणांच्या लक्षात असतं? उद्या त्याच एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी व्यवस्था) लॉगची जागा संपली आणि डेटामधले २०० जीबी तिकडे वळवायचे झाले तर? बॅकअप, परत एमकेएफएस, परत रिस्टोअर. ईएक्सटी४ ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर अनमाउंट करा, तपासून घ्या, रिसाइझ२एफएस चालवा, सुटलात. साध्या सर्व्हरला ईएक्सटी४च.

बॅशबहाद्दर
डिस्क लहान करायची वेळ येते किती वेळा हो? क्लाउडवर तर व्हॉल्यूम बहुधा कमी करूच देत नाहीत. उलट ईएक्सटी४ पहिल्याच दिवशी काय खातं ते बघा. ५ टक्के रूटसाठी (अ‍ॅडमिन खात्यासाठी) राखीव, म्हणजे १०० जीबी गेले. दर १६ केबीला एक आयनोड (एका फाइलची नोंद ठेवणारा कप्पा) या हिशेबाने आयनोड टेबलचे आणखी ३० जीबी. आणि एवढं करून तो आकडा कायमचा ठरलेला! बारीक फायलींचा मेल सर्व्हर असेल तर डीएफ -एच अर्धी डिस्क रिकामी दाखवतो आणि फाइल काही बनत नाही. मग कुणाला तरी आयनोड मोजणारं डीएफ -आय आठवतं. एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवते.

टर्मिनलकर
राखीव जागा ट्यून२एफएस -एम ० ने चालू डिस्कवरही सोडवता येते. आयनोडचं प्रमाण एमकेएफएसलाच -आय देऊन बदलता येतं. मॅन पेज वाचायचा कंटाळा हा काही ईएक्सटी४चा दोष नव्हे.

बॅशबहाद्दर
तीन वर्षांनी फायली केवढ्या असतील हे डिस्क फॉरमॅट करताना सांगणारा ज्योतिषी आमच्याकडे नाही!

पेंग्विनकाका
भांडा खुशाल, पण डेटा जातो तो चुकीच्या डिस्कवर एमकेएफएस चालवल्याने. आज ज्या डिस्कचं नाव एसडीबी आहे तिचं रीबूटनंतर एसडीसी होऊ शकतं. आधी एलएसबीएलके -एफ बघा, कुठल्या डिस्कवर कुठली फाइल सिस्टिम आहे ते कळतं. एमकेएफएस.एक्सएफएसला जुनी फाइल सिस्टिम दिसली तर ते सरळ नकार देतं, ईएक्सटी४वालं 'पुढे जाऊ का' विचारतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये सक्तीचा -एफ घालून ठेवणाऱ्यांचा मला फार राग येतो. आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक टाका, सोबत 'डिस्क नसली तरी पुढे जा' सांगणारं नोफेल. नाहीतर डेटा डिस्क रुसली की अख्खा सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये.

बॅशबहाद्दर
काका, -एफबद्दल सहमत. अ‍ॅन्सिबलमध्येही (सर्व्हर आपोआप लावून देणारं साधन) फोर्स मुळात बंदच असतो, लोक मुद्दाम चालू करतात.

टर्मिनलकर
बरं, मेलच्या डिस्कपुरतं एक्सएफएस मान्य. एलव्हीएममध्ये जागा इकडची तिकडे करावी लागते तिथे मात्र मी ती येऊ देणार नाही.