आंबोलीतला तो पक्षी : घार नव्हे, काळा गरुड

आंबोलीच्या दरीवर झाडांच्या शेंड्यांना चाटत संथ फिरणारा काळा पक्षी घार असावा, असं या पक्षीनिरीक्षकांच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला तरी तो नक्की काळा गरुड वाटतो. घारीची शेपटी मागे दुभागलेली दिसते. याची लांब आणि सरळ. शिवाय पंख बुडाशी निमुळते, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली आणि तरंगताना पंख किंचित वर उचललेले.

त्या संथपणामागे कारण आहे. हा पानांच्या छतावरून दुसऱ्यांची घरटी हुडकत असतो. अंडी, पिल्लं तर खातोच, पण कधी कधी अख्खं घरटंच पंजात उचलून नेतो! पंजाचा फोटो मिळाला तर मोठा करून बघा. पिवळ्याधमक बोटांमध्ये आतल्या बोटाचं नख लांबलचक आणि बाहेरच्याचं अगदी आखूड. शेकरूचीही शिकार करतो.

याला डोंगरउतारावरचं सलग, दाट जंगल लागतं. म्हणून कळकळीने सांगतो, दरीतली झाडं तुटताना दिसली तर वनखात्याला लगेच कळवा. आणि घरटं सापडलंच, तर जागा इथे लिहू नका.