६ इंची आरसा: पॉलिश थांबवायचं कधी?

रात्रजागा: मंडळी, दुर्बिणीसाठी ६ इंची, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा हातानं घासतोय. बसलो तेव्हा शनीची कडी चांगली कललेली होती. मार्च २०२५ मध्ये ती आपल्या नजरेच्या रेषेत आडवी झाली, तरी मी घासतोच आहे. फूको चाचणीत (आरशावरून परतणारा उजेड ब्लेडनं अडवून आकारातली चूक बघायची; दाढीचं ब्लेड आणि एलईडी, सगळं घरगुती) चूक एकदा उजेडाच्या तरंगलांबीच्या १/८ पर्यंत आली होती. तिथंच उठायला हवं होतं. पण मला १/१० हवा होता! 'अजून दहा मिनिटं' करत राहिलो. मधला भाग सुधारला, कडा खचली. मग पुन्हा कार्बोरंडमपासून (घासायची भरड पावडर) सुरुवात. असं तीनदा झालंय. दुर्बिणीची नळी कोपऱ्यात उभी. मुलगी तिच्यात छत्र्या ठेवते.
तुम्ही थांबता कसे?

डांबरहात: तुमचा १/८ तरंगमुखावरचा (आरशावरून परतलेल्या उजेडाच्या लाटेतला) असेल तर तो रॅलेच्या १/४ मर्यादेच्या (एवढी चूक चालते, असा जुना निकष) दुप्पट चांगला होता. ६ इंचाला फार तर ०.७७ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतर सुटं दिसतं आणि साध्या रात्री हवाच १-२ विकला थरथरते. १/८ आणि १/१० मधला फरक कुठल्या रात्री बघणार होतात? एफ/८ ला तर निव्वळ गोलीय (पॅराबोलाचा आकार न दिलेला) आरसाही जेमतेम चालून जातो.

शंकासूर: 'चालून जातो' म्हणण्याआधी हबल अवकाश दुर्बीण आठवा. १९९० मध्ये वर गेला तो तिचा आरसा अत्यंत गुळगुळीत होता, फक्त आकार चुकीचा: कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट. चाचणीच्या उपकरणातलं भिंग १.३ मिमी सरकलेलं होतं. साध्या उपकरणांनी चूक दाखवलीही होती, पण भरवसा भारी उपकरणावरच ठेवला. तेव्हा रात्रजागा, हट्ट करा, पण मोजण्यात करा. एकाच ब्लेडवर विसंबून १/१० च्या गप्पा कशाला? ताऱ्यावर बघितलंत का एकदा तरी?

रात्रजागा: नव्हतं बघितलं. (हो, लाज वाटली.) काल छत्र्या काढल्या आणि कोटिंग (उजेड परतवणारा धातूचा थर) नसलेलाच आरसा बसवला. कोरी काच ४ टक्केच उजेड परत देते, तरी ठळक ताऱ्याला तेवढा पुरतो. फोकसच्या आतबाहेर ताऱ्याची वलयं जवळपास सारखी (म्हणजे आकार बरा), फक्त कडेला केसाळ. काळ्या कागदाची २ मिमी रिंग कडेवर चिकटवली, केस गेले. मग चंद्र. विवरांच्या सावल्या इतक्या काळ्या, की मुलगी तिपाईवरून उतरेना.
सोमवारी कोटिंगला पाठवतोय. पावडरचा डबा तिच्याकडे दिलाय. कुठं ठेवला ते मला सांगायचं नाही, असं ठरलंय.