मदत हवी आहे: पुणे ते कोलकाता विमानाला नेमका किती वेळ धरायचा?

नमस्कार मंडळी, मी विट्याजवळचा. थोरल्या भावाचं कोलकात्यात गलाईचं दुकान आहे, आमच्या भागात घरटी एक माणूस असाच कुठंतरी परमुलखात सोनं गाळत बसलेला असतोय, ते सांगायला नको. तर वैनीचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून आईला पाठवायचीय, आधी आझाद हिंद एक्सप्रेसचं बघत होतो पण पुण्यातनं हावड्यापर्यंत दोन हजार किमी बसून जाणं तिच्या गुडघ्यांना झेपायचं नाही, म्हणून विमान. पहिल्यांदाच बसणार आहे.

आता अंतर दाखवणाऱ्या साईटवर १५८० किमीच्या आसपास आणि वेळ दोन तास येतोय, तिकिटाच्या ॲपवर अडीच तासांच्या वर, आणि परतीला त्याहून जादा! रस्ता तोच, विमान तसलंच, मग हे कसं? भावानं न्यायला कधी यायचं? आणि कोल्हापूरवरनं हैदराबाद करून गेलं तर बरं पडेल का?

तासगावकर: साईटवाले दोन टोकांमधलं सरळ अंतर काढून आठशेच्या स्पीडनं भागतात, झालं. तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान जागेवरनं हललं तिथपासून कोलकात्यात जागेवर थांबेपर्यंत. पुण्याचं विमानतळ लोहगावला, तिथला रनवे हवाई दलाचा, तिथं कधी लाईनीत थांबायचं, चढता-उतरताना स्पीड कमी, शिवाय एटीसी, म्हणजे विमानांना खालनं रस्ता सांगणारे, सांगतील तो वळसा, सगळं त्यात आलं. भावाला तिकिटावरचीच वेळ धरायला सांगा, वर बॅग यायला अर्धा तास. परतीचं म्हणाल तर दहा-अकरा किमी उंचीवर वारं पश्चिमेकडनं पूर्वेला वाहतं, थंडीत तर लै जोरात, जाताना पाठीवर घेतं आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात आपल्याकडं वरचं वारं उलटं फिरतं, ती गोष्ट वेगळी.

मिरजेचा_पाव्हणा: कोल्हापूर नको भावा. तिकडनं बऱ्याचदा एटीआर असतंय, पंख्याचं विमान, पाचशेच्या आसपास चालतं, त्यामुळं हैदराबाद जवळ असूनही तासाच्या वर जातोच. त्यात दोन तिकिटं वेगळी काढली आणि पहिलं लेट झालं तर दुसरं गेलं समजा, आईला एकटीला तिथं बॅग घेऊन परत चेकइन करायला लावणार का? पुण्याहून डायरेक्टच काढ. खरा वेळ विमानात नाही, विटा ते लोहगाव जातोय. आनेवाडी, खेड शिवापूरचे टोलनाके आणि पुढं पुण्याचं ट्रॅफिक धरून सात-आठ तास आधी घरातनं निघा, काउंटर तासभर आधी बंद होतो.

पलूसची_माई: तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा हो, घरगुती फ्लाईटला वेगळे पैसे पडत नाहीत, माणूस पार गेटपर्यंत सोडतो. आणि बाळंतिणीसाठी म्हणून सुकं खोबरं नक्की बांधून देणार तुम्ही, ते बॅगेत चालत नाही. तेल असतं त्यात, पेट घेतं म्हणून काढून ठेवतात. खोबरं घालून डिंकाचे लाडूच वळून द्या.

धागाकर्ता: माई, गठुडं बांधून तयारच होतं ओ, बरं झालं सांगितलं. सकाळचं सोडून संध्याकाळचं डायरेक्ट बघतो मग. लाडू हातातल्या बॅगेत ठेवले तर चालतील का? आणि हळीव?