कोकणात सोलरवर प्रक्रिया उद्योग परवडेल का? पावसाच्या चार महिन्यांचं काय करायचं?

रतांबा_८६:
नमस्कार मंडळी. गाव कुडाळपासून १२ किलोमीटर आत. ११ वर्षं ठाण्यात नोकरी केली आणि आता आईबाबांजवळ गावी आलोय ते परत न जाण्यासाठी. घरची ४० हापूस कलमं आहेत, काजू तीन एकर, परसात आणि बांधाला मिळून २५-३० रतांब्याची (कोकमाची) झाडं आणि फणस तर दरवर्षी निम्मे झाडाखालीच कुजतात, ते बघून जीव तुटतो. म्हणून आमसुलं, आंब्याची साठं, वाळवलेले फणसाचे गरे आणि पुढे काजू असं छोटं युनिट टाकायचं डोक्यात आहे.

एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. १० किलोवॅटचं सोलर बसवा, त्यावर इलेक्ट्रिक ड्रायर चालवा, आपला देश उष्ण कटिबंधातला, वर्षाला ३०० दिवस ऊन, ऊन फुकट, पाच वर्षांत पैसे वसूल, असं त्याचं गणित. कागदावर छान दिसतं. पण आई एवढंच म्हणाली, "पावसात सूर्य खंय आसता रे तुझो?" आणि मी गप्प बसलो.

मला भीती वाटण्याचं कारण आहे. २०२५ मध्ये मान्सून २५ मे ला देवगडात पोचला, एरवी जूनचा पहिला आठवडा धरतो आपण. आमची आमसुलं खळ्यात चटयांवर होती, दुसरं पूट (रतांब्याच्या रसात बुडवणं) देऊन झालं होतं. रात्री जो पाऊस लागला तो थांबेचना. आत घेऊन पडवीत पसरली, पंखे लावले, तर लाईट गेलेली. चौथ्या दिवशी सालींवर पांढरी बुरशी. जवळजवळ ८० किलो माल आईने स्वतःच्या हाताने खतात टाकला, एक शब्द बोलली नाही.

तर प्रश्न असा की हा धंदा सोलरवर खरंच उभा राहतो का, की दरवर्षी जून ते सप्टेंबर हात बांधून बसायचं? खाऱ्या वाऱ्याचं काय? पवनचक्की, गोबर गॅस यातलं काही जोडीला चालतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

जुना_वायरमन:
वीज खात्यात ३२ वर्षं काढली, आता निवृत्त. त्या एजन्सीवाल्याला एकच प्रश्न विचार, १०० किलो ओले गरे वाळवायला किती युनिट लागतात. उत्तर नसेल तर चहा पाजून वाटेला लाव.

मी सांगतो. गऱ्यात पाऊण भाग पाणीच असतं. १०० किलोतून ७० किलो तरी पाणी उडवायचंय. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट उष्णता लागतेच, त्यात कोणालाच सूट नाही. म्हणजे ४४ युनिट झाली, आणि ड्रायरमधून गरम हवा बाहेर जाते, ट्रे तापतात, भिंती तापतात, ते धरलं तर ७० ते ९०. आता तुझे १० किलोवॅट एप्रिलच्या कडक उन्हात देणार दिवसाला ४० युनिट. म्हणजे सगळी वीज ड्रायरला घातली तरी दिवसाला ५० किलो गरे. आणि फणस तर जूनपर्यंत येतो, तेव्हा पॅनेल अर्ध्यावर आलेलं. जुलै-ऑगस्टात किलोवॅटमागे दोन-अडीच युनिट सरासरी धर, झड लागली की एकसुद्धा मिळत नाही.

म्हणून उन्हाची वीज करून त्या विजेची परत उष्णता करू नकोस. पॅनेल उन्हातलं जेमतेम पाचवा हिस्सा घेतं. वाळवायचं तर ऊन सरळ वापर. वीज मोटरला, पल्परला, डीप फ्रीजरला, पंख्याला, दिव्याला. तेवढ्यापुरते ३ किलोवॅट पुष्कळ होतात.

दुसरं, ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडतो, लाइनवर काम करणारा माणूस मरू नये म्हणून तसा बनवलेलाच असतो. माझ्याकडे लोक यायचे, छपरावर एवढी पॅनेलं आणि घरात अंधार कसा म्हणून. आपल्याकडे वादळात दोन-दोन दिवस पोल पडलेले असतात, तेव्हा फ्रीजर वाचवायचा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी, खर्च त्यासकट मांड.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. नेट मीटरिंगचा, म्हणजे लाइनवर दिलेली वीज बिलातून वजा करण्याचा, हिशोब ३१ मार्चला बंद होतो आणि उरलेली युनिटं अगदी कमी दराने जमा होतात. पण एप्रिल-मेमध्ये जास्तीची झालेली युनिटं नव्या वर्षात पडतात आणि ती जून-जुलैच्या बिलातून वळती होतात. कोकणाला हे बरोबर बसतं. नियम बदलत असतात, तेव्हा तुझ्या कनेक्शनच्या कॅटेगरीचा चालू दर आधी वाचून घे. आणि सूर्यघर योजनेची सबसिडी, ती जास्तीत जास्त ७८ हजार मिळते ती, फक्त घरगुती कनेक्शनला आहे. घरच्या मीटरवर धंदा चालवू नकोस, पकडलं तर सोलरची बचत दंडात जाते.

वेंगुर्ल्याची_ताई:
बरां केलंस इचारलंस तां. आम्ही सात बायका मिळून आमसूल, साठं आणि आवळा करतो, सहावं वर्ष आहे. तुझ्या आईचं ते आमसूल खतात टाकणं वाचलं आणि पोटात कालवलं, कारण पहिल्या वर्षी आमचंही तसंच झालं.

आम्ही पॉलीकार्बोनेट पत्र्याचा बोगद्यासारखा ड्रायर बांधला, मागे छोटा पंखा आणि तो चालवायला एकच पॅनेल. एप्रिल-मेमध्ये आत ५० ते ५५ डिग्री आरामात जातं. खळ्यात आमसुलाला पुटं देऊन वाळायला पाच-सहा दिवस लागायचे, आत तीन दिवसांत होतात आणि धूळ नाही, माशा नाहीत, कोंबड्या नाहीत. फक्त थर्मामीटर लावा, ६० च्या वर गेलं की साठं काळपट पडतात आणि मग त्यांना भाव मिळत नाही. संध्याकाळी चारलाच झडपा बंद करायच्या, नाहीतर रात्रीची दमट हवा आत शिरून दिवसभराची मेहनत परत ओली करते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, सकाळी साली हाताला चिकटायला लागल्या तेव्हा कळलं.

आता पावसाचं. लोकांना वाटतं पावसात हवा ओली म्हणून वाळणारच नाही. तसं नाहीये. २८ डिग्रीची ९० टक्के दमट हवा घ्या आणि ती ५० डिग्रीपर्यंत तापवा, तिचा दमटपणा २७-२८ टक्क्यांवर येतो आणि ती पाणी ओढायला लागते. म्हणजे हवा ओली असली तरी चालतं, ती तापवायला काहीतरी जळायला मात्र पाहिजे. आम्ही ड्रायरच्या एका टोकाला भट्टी जोडलीय, सोडणं (नारळाची), करवंट्या, आंबा-काजूची छाटलेली लाकडं. धूर पाइपातून बाहेर जातो आणि पाइपाभोवतीची हवा तापून आत येते, धूर मालाला लागता कामा नये. पहिल्यांदा आम्ही काजूची टरफलं घातली, फुकट मिळाली म्हणून. त्यातल्या तेलाचा धूर असा की डोळे चुरचुरायला लागले, पाइप आतून चिकट काळा झाला आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंजून भोक पडलं. तेल काढलेली पेंड असेल तर जाळा, कच्ची टरफलं नको.

आमचं वर्ष असं चालतं. मार्च ते मे निव्वळ ऊन. जूनमध्ये फणस, भट्टीवर. जुलै-ऑगस्टात वाळवणं जवळजवळ बंद, तेव्हा आगळ (रतांब्याचा रस) भरणं, लेबलं, पॅकिंग, गणपतीच्या ऑर्डरी. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सुरू. बारा महिने ड्रायर फिरलाच पाहिजे असा हट्ट धरला असता तर कर्जात गेलो असतो. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देताना आम्ही वर्षाचे २०० च दिवस धरले, मॅनेजर म्हणाला कमी दाखवताय, मी म्हटलं खरं दाखवतेय.

पैशासाठी पीएमएफएमई बघ, सूक्ष्म अन्नप्रक्रियेची, प्रकल्पाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख कर्जाला जोडून. सध्या अर्ज घेतायत का ते कृषी कार्यालयात विचार. आणि एस फोर एस टेक्नॉलॉजीजचं काम वाच, संभाजीनगरकडे शेतकरी बायकांना सोलर ड्रायर देऊन कांदा वगैरे वाळवून तोच माल विकत घेतात, २०२३ ला त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तिथली हवा कोरडी आहे त्यामुळे यंत्राची नक्कल करू नकोस, पण माल घेणारा आधी ठरलेला असणं, ते शिकण्यासारखं आहे.

छप्पर_आणि_पॅनेल:
मी रत्नागिरीत सोलर बसवतो, १४ वर्षं झाली. काकांनी सांगितलं ते सगळं बरोबर. माझ्याकडून बसवण्यातलं थोडं.

उष्ण प्रदेश म्हणजे सोलरला उत्तम हा समज अर्धाच खरा, पॅनेलला ऊन हवं असतं, उष्मा नको असतो. पॅनेलवर लिहिलेले वॅट सेल २५ डिग्रीला असताना मोजलेले असतात. मेमध्ये दुपारी सेल ६०-६५ ला जातं आणि प्रत्येक डिग्रीला ०.३५ टक्क्याच्या आसपास घट धरा, म्हणजे १२-१४ टक्के तिथेच गेले. म्हणून पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला फूटभर जागा ठेवा. कौलारू घरावर तर बसवूच नका, वासे जुने असतात, गळती सुरू होते आणि कौल बदलायला माणूस वर चढू शकत नाही. अंगणात किंवा शेडवर वेगळं स्ट्रक्चर करा.

खारं वारं. सॉल्ट मिस्ट टेस्टचं (खाऱ्या हवेत टिकण्याच्या चाचणीचं) सर्टिफिकेट असलेलंच पॅनेल मागा. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर चढवलेलं, थर किमान ८० मायक्रॉन, आणि नटबोल्ट ३१६ ग्रेड स्टीलचे. बोल्टमध्ये वाचवलेले हजार-दोन हजार तिसऱ्या वर्षी बाहेर येतात, मी किनाऱ्यालगत असे बोल्ट बघितलेत जे पान्याने फिरवले तर हातात चुरा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा रायगडकडे पॅनेलं उडाली ती बहुतेक पायातून उखडलेली होती, काच फुटल्याने गेलेली कमी. त्यामुळे काँक्रीटच्या पायाचं वजन विचारा.

अर्थिंगबद्दल कोणी बोलत नाही. आपला जांभा कोरडा पडला की अर्थ नीट घेत नाही आणि मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजा तर माहीतच आहेत. वीज अटकाव, डीसी-एसी दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्शन आणि गरज पडली तर अर्थिंगचे तीन खड्डे, मीटरने मोजून घ्या. आणि माकडं. एका घरी वांदरांची टोळी माडावरून सरळ पॅनेलवर उड्या मारायची, दोन काचा तडकल्या. माडाजवळ बसवू नका, सावलीसाठीही आणि यासाठीही.

कोचीत_मराठी:
मी नोकरीनिमित्त कोचीत असतो. इथे पाऊस कोकणासारखाच, वर ऑक्टोबरात परतीचा वेगळा. तरी इथलं विमानतळ ऑगस्ट २०१५ पासून सोलरवर चालतं, तेव्हा १२ मेगावॅट, ४६ हजारांवर पॅनेलं होती, पूर्णपणे सौरऊर्जेवरचं जगातलं पहिलं म्हणून नाव झालं. पॅनेलांच्या मधल्या ओळीत भाजी पिकवतात. पण मला जास्त आवडलं ते पुढचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनीच कोळिकोड जिल्ह्यात अरिप्पारा इथे साडेचार मेगावॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू केला, म्हणजे ढगांनी पॅनेल बसलं की नदी कामाला लागते.

तुझ्या जागेत व्हाळ (ओढा) आहे का? सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटर खाली सोडलं तर कागदावर एक किलोवॅट होतो, हातात अर्धा येतो. अर्धा ऐकून कमी वाटेल पण तो रात्रंदिवस चालतो, म्हणजे दिवसाला १२ युनिट, तीन किलोवॅटचं पॅनेल एप्रिलमध्ये देतं तेवढंच, आणि ते ऐन जुलैत. पहिले पंधरा दिवस पाण्याबरोबर पाला येतो तेवढी जाळी साफ ठेवायची.

पाटणचा_वारा:
पवनचक्कीपुरतं सांगतो. आमच्याकडे साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर ओळीने उभ्या आहेत आणि त्यांचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे सोलरच्या उलटा. तुमच्या रत्नागिरीतही १९८६ साली देशातल्या पहिल्या काही पवनचक्क्या लागल्या, ५५ किलोवॅटच्या. पण ते उघड्या सड्यावर (कातळी पठारावर), उंच मनोऱ्यावर. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ऊर्जा आठपट कमी होते आणि माडपोफळीच्या बागेत वारा तर अडखळतच येतो. घरापुरती छोटी पवनचक्की घेऊ नको, पैसे जातील.

वेंगुर्ल्याची_ताई:
गोबर गॅसचं राहिलं. चार-पाच गुरं असतील तर कर, दोन घनमीटरला रोज ५० किलो शेण लागतं, त्यात साधारण किलोभर एलपीजीइतका गॅस होतो, आपल्याकडे थंडीतही बंद पडत नाही हे आपलं भाग्य. आंब्याच्या सालींसाठी मोह होतो पण रतांब्याची आंबट सालं-पाणी एकदम ओतू नको, आतलं आंबट झालं की गॅस थांबतो, आमचा तीन आठवडे थांबला होता. थोडं थोडं, शेणात कालवून.

रतांबा_८६:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं, बाबांनाही वाचून दाखवलं. १० किलोवॅटवाल्याला नको म्हणून कळवलं.

काल सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा बाबा आणि मी व्हाळावर गेलो. वरच्या कोंडीला (डोहाला) पाइप लावून २० लिटरची बादली धरली, चार सेकंदांत भरली. खालच्या खडकापर्यंत उतार बाबांच्या मते आठ मीटर, टेपने मोजायचाय अजून. म्हणजे पाच लिटर सेकंदाला, कागदावर चारशेच्या आत, हातात दोनशे वॅट. फ्रीजर आणि दिवे तेवढ्यावर निघतील असं वाटतंय. बाबा म्हणाले डिसेंबरनंतर पाणी आटतं, पण तोवर ऊन परत आलेलं असतं.

तर आता असं ठरतंय, ३ किलोवॅट हायब्रिड शेडवर, ड्रायर पॉलीकार्बोनेटचा आणि त्याला भट्टी. गुरं दोनच आहेत, गोबर गॅस पुढे बघू. ताई, भट्टीचा पाइप किती इंची घेतलात आणि पत्र्याचा की बिडाचा?

वेंगुर्ल्याची_ताई:
आधी सहा इंची पत्र्याचा होता, गंजला तोच. आता जाड एमएस (साध्या पोलादाचा) पाइप आहे, मध्ये जोड ठेवलेत म्हणजे काढून झाडता येतो. फोटो पाठवते. पण फोटोवर जाऊ नको, आईला घेऊन एकदा ये, जूनमध्ये फणस चालू असतात तेव्हा, पाऊस पडत असताना गरे वाळताना तिने स्वतः बघू दे.