बाबांच्या फियाटवरची चित्रं ठेवावीत की घासून मूळ रंग द्यावा? सल्ला हवाय

अंत्रुजकार:
नमस्कार मंडळी. बाबांची १९६८ची फियाट ११०० डिलाइट फोंड्याच्या घरी शेडमध्ये उभी आहे. बाबा जत्रेच्या नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. कार्तिक लागला की आज म्हार्दोळ, उद्या शिरोडा, परवा सावईवेरे. पायपेटी कॅरियरवर सुंभाने बांधलेली, आत तबलजी आणि एखाददुसरा नट. १९७४च्या सुमारास नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या त्यांच्या मित्राने आमच्या अंगणात चार दिवस बसून ही गाडी रंगवली. डाव्या दारावर राजवाड्याचा जिना, उजव्या दारावर वनातलं तळं, डिकीवर पुनवेचा चंद्र. तळ्यातल्या कमळावर ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिलाय, अजून बोटाला लागतो.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. दारांच्या खालच्या कडेला गंज धरलाय, जिन्याच्या पायऱ्यांचे पोपडे गळतायत. गॅरेजवाला म्हणतो, पत्र्यापर्यंत घासू, कंपनीचा करडा रंग देऊ, मग व्हिंटेज म्हणून किंमत येईल. भावाला ते पटलंय. माझं मन होत नाही. काय करावं?

मांडवीकाठ:
घासू नका. आधी जॅनिस जॉपलिनच्या पोर्शची हकिकत वाचा, तुमच्यासारखीच आहे.

या टेक्सासच्या रॉक गायिकेने १९६८ साली जुनी पोर्श ३५६ घेतली, १९६४चं मॉडेल. बँडचं सामान सांभाळणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सला ५०० डॉलर देऊन तिने ती रंगवून घेतली: फुलपाखरं, कॅलिफोर्नियाचे डोंगर, बँडमधल्यांचे चेहरे. गाडी कुठे उभी दिसली की लोक वायपरखाली चिठ्ठ्या ठेवून जात. एकदा ती चोरीला गेली आणि चोराने वरून करडा रंग फासला. रिचर्ड्सने चित्रांवर पारदर्शक थर दिलेला होता, म्हणून तो करडा रंग काढता आला आणि खालची चित्रं वाचली.

४ ऑक्टोबर १९७० रोजी जॅनिस गेली, अवघी २७ वर्षांची. पुढे चित्रांचे पोपडे निघायला लागले, तेव्हा घरच्यांनी गाडी घासून कंपनीचा मूळ करडा रंग दिला. अगदी तुमचा गॅरेजवाला सांगतोय तेच. नव्वदच्या दशकात त्याच घरच्यांनी जुने फोटो समोर ठेवून कलाकारांकडून ती चित्रं पुन्हा काढून घेतली. १९९५पासून गाडी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात होती. २०१५मध्ये लिलाव झाला, अंदाज ४ ते ६ लाख डॉलरचा होता, विकली गेली १७ लाख ६० हजारांना.

शापोराचा वारा:
म्हणजे नक्कल केलेल्या चित्रांनाही एवढी किंमत आली की! मग भावाचं काय चुकलं? घासा, फोटो ठेवा, पुढे वाटलं तर परत काढून घ्या.

मांडवीकाठ:
जॅनिसच्या गाडीचे फोटो जगभर होते, म्हणून ते जमलं. अंत्रुजकारांच्या दारावरचा जिना त्या दाराशिवाय आणखी कुठे आहे? बीटल्सवाल्या जॉन लेननची रोल्स-रॉइस फँटम पण बघा. गाडी १९६५ची, १९६७मध्ये पिवळ्या रंगावर वेलबुट्टी आणि राशिचक्र काढलं. तो रंग कोणी खरवडला नाही. १९८५च्या लिलावात ती जवळपास २३ लाख डॉलरना गेली, आज कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाकडे आहे. आपल्याकडे या जत्रेच्या पडद्यांतले कितीतरी वाळवीने आणि पावसाने गेले. त्या हातचं काम पत्र्यावर टिकलंय, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

गंजमोड:
कामाचं सांगतो, जुन्या गाड्यांमध्ये वीस वर्षं आहे. गंज दाराच्या आतून येतो. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजलेली असणार. तारेने मोकळी करा, दार नीट वाळू द्या, मग आतून मेण मारा. बाहेरून पॉलिश, रबिंग काही नको. मऊ फडकं आणि साधं पाणी, तेही पोपडे सोडून. नवा टू-पॅक लॅकर (दोन द्रव मिसळून मारायचा कडक पारदर्शक थर) तर अजिबात मारू देऊ नका, जुना ऑइलपेंट त्याने सुरकुततो आणि उचलतो. गळणाऱ्या पायऱ्यांना चित्रं जतन करणारा माणूसच हात लावू दे, पेंटर नको. आणि गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री असेल तर ती आजच काढा. आपल्या पावसात तिच्याखाली वाफ धरते आणि गाडी आतून कुजते.

कागदांचंही बघून घ्या. २०२१च्या केंद्राच्या नियमाने ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. ‘व्हीए’ अक्षरं असलेला खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार. नियमात भर चासी, बॉडी आणि इंजिन बदललेलं नसण्यावर आहे. आरसीवर रंग कुठला नोंदलाय तेवढा तपासा. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच.

अंत्रुजकार:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी भोकं मोकळी केली, डाव्या दारातून मूठभर ओला चिखल निघाला. मग दोन्ही दारांचे वितीवितीवर फोटो घेतले, भावाने टॉर्च धरला. कमळापाशी आल्यावर त्यानेही त्या केसावरून बोट फिरवलं. गॅरेजवाल्याला त्याने स्वतःच फोन करून थांबायला सांगितलं.

ताडपत्री काढली. आता पावसाआधी सुती कव्हर शिवून घ्यायचंय. फोंड्यात किंवा मडगावात जाड मांजरपाट ठोक भावात कुठे मिळेल?